कंदील सापडत नाही

घरात मला 'पणजर' म्हणतात. नाव ताईनं ठेवलंय. लहानपणी कुठं जायचं निघालं की मी दारातच अडून बसायचे. "पण जर बस चुकली तर? पण जर त्यांच्याकडे कुत्रा असला तर?" आई कपाळाला हात लावायची. पुढे ह्याच स्वभावावर मला नोकरी मिळाली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वेबपेजमधले 'पण जर' शोधून काढायचे, हे माझं काम.

ते काम नेमकं काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी स्वतः बटणं दाबत बसत नाही. मी प्रोग्रॅम लिहिते. तो आपणहून ब्राउझर उघडतो, माणसासारखा पानावर फिरतो, बटणं दाबतो आणि जे दिसायला हवं ते दिसलं की हिरवी खूण करतो. नाही दिसलं की लाल. आमची कंपनी पाळणाघरांसाठी ॲप बनवते. त्यातलं सगळ्यात नाजूक पान म्हणजे संध्याकाळचं टेबल. एकेका मुलाची एकेक ओळ. नाव, कधी आलं, न्यायला कोण येणार, आणि शेवटच्या रकान्यात 'सोपवलं' असं बटण. आई-बाबा दारात आले, मूल त्यांच्या हातात दिलं, की पाळणाघरातल्या काकूंनी ते बटण दाबायचं. लगेच घरच्यांच्या फोनवर मेसेज जातो. सगळी मुलं गेली की वर हिरवी पट्टी येते, 'आत कुणी नाही'.

ह्या वेळच्या रिलीजमध्ये, म्हणजे ॲपच्या नव्या आवृत्तीत, कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून एक सुधारणा निघाली होती. गेलेल्या मुलाची ओळ जागेवर न राहता तळाशी जाणार आणि खालची मुलं वर सरकणार. म्हणजे काकूंना म्हणे राहिलेली मुलं पटकन दिसतील. दिसायला छानच होतं, नाही कोण म्हणतंय!

माझ्या टेस्टमधली मुलं अर्थातच खोटी. खऱ्या माणसांची नावं दिली की ती कुणाच्या तरी पोराचीच निघतात आणि मग रुसवेफुगवे होतात, म्हणून मी घरातल्या वस्तूंची नावं ठेवली होती. चमचा, कंदील, बादली, कुलूप. टेस्ट राहिलेल्या मुलांच्या ओळींत 'चमचा' शोधायची, तो कितव्या ओळीत आहे ते लक्षात ठेवायची, त्या ओळीतलं बटण दाबायची आणि चमचा तळाशी गेला का बघायची. नाही गेला तर पुन्हा दाबायची. मग कंदीलची पाळी. सरळ मामला. तरी ही टेस्ट मधूनच लाल व्हायची आणि खाली संदेश यायचा, 'ओळ सापडली नाही: कंदील'. पुन्हा चालवली की हिरवी. आमच्यात अशा टेस्टला लहरी म्हणतात आणि तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही.

मी देत होते. रिलीजच्या आदल्या दिवशी मी आमच्या टीमच्या लीडकडे गेले. ह्यांना आम्ही मागून 'होईलराव' म्हणतो. काहीही विचारा, उत्तर एकच, होऊन जाईल. माणूस वाईट नाही. वाढदिवसाला आठवणीनं पेढा-केक काय असेल ते आणतो. पण काळजी नावाची गोष्ट त्याच्या घरावरून गेलेली नाही.

"कंदील पुन्हा सापडत नाहीये," मी म्हटलं.

"सर्व्हर हळू चालत असेल. तुझा प्रोग्रॅम घाई करतो. बटण दाबल्यावर जरा थांबायला सांग त्याला. होऊन जाईल."

"पण जर..."

"पणजरबाई, उद्या सकाळी रिलीज आहे." हे नाव ऑफिसात कुणी पोचवलं देव जाणे.

मी टेस्टमध्ये थांबा घातला. दाबलं की चांगलं निवांत थांबायचं, मग बघायचं. टेस्ट हिरवी झाली. पुन्हा चालवली, हिरवी. दहा वेळा चालवली तरी हिरवीच. मी तसं कळवलं, 'सगळं हिरवं आहे', आणि घरी गेले. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी घोकायला लावते की एक ओळ बरोबर आली म्हणून टेबल बरोबर होत नाही. आणि स्वतः मात्र हिरवी खूण बघून जेवले नि झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काही केल्या कामात लक्ष लागेना. डोक्यात किडा वळवळत होता. चमचा सापडतो, बादली सापडते, मग कंदीलच का जातो? शेवटी मी तो थांबा काढला, सर्व्हर मुद्दाम हळू केला, टेस्ट लाल होईपर्यंत चालवली आणि स्क्रीनचं रेकॉर्डिंग अगदी संथ करून बघायला बसले.

टेस्टनं चमचाच्या ओळीतलं बटण दाबलं. काही झालं नाही, सर्व्हर हळू होता. टेस्टनं पुन्हा दाबायला बोट उचललं. बरोब्बर त्याच वेळी चमचा तळाशी गेला, कंदील त्याच्या जागी वर सरकला, आणि दुसऱ्यांदा दाबलेलं बटण पडलं कंदीलवर. कंदील सोपवला गेला. त्याला न्यायला कुणी आलेलंच नव्हतं. ओळ करडी झाली, तळाशी गेली आणि टेबलाच्या दृष्टीनं तो घरी पोचला.

मी रेकॉर्डिंग मागं घेऊन पुन्हा बघितलं. टेस्ट लहरी नव्हती. इतके दिवस ती बिचारी ओरडून सांगत होती की एक पोर हरवतंय, आणि मी तिचं तोंड बांधलं होतं. थांबायची सवय मी टेस्टला लावली. कडेवर एक रडतं, पायाशी दुसरं, दारात घाईत असलेली आई, अशा वेळी बटण दाबून काही हललं नाही तर कुठली काकू थांबणार आहे?

होईलराव चहाचा कप घेऊन उभे होते. मी सगळं भडाभडा सांगितलं.

"अगं, माणूस एवढं पटापट दोनदा दाबतो का?"

"तुम्ही लिफ्टचं बटण किती वेळा दाबता?"

त्यांनी कप खाली ठेवला. "बरं. उद्या सकाळी पहिलं हेच घेऊ. आज सगळं हिरवं आहे ना?"

"मी हिरवं केलंय म्हणून हिरवं आहे!" माझा आवाज एवढा चढला की शेजारची दोघं खुर्चीतून वळली. होईलराव म्हणाले, शांत हो, मी वरच्यांशी बोलतो, होऊन जाईल. मी शांत होणार होते थोडीच! हे टेबल आज सकाळपासून खऱ्या पाळणाघरांत चालू होतं. त्यातल्या एका पाळणाघरात भुंगी होती.

भुंगी म्हणजे ताईची मुलगी. खेळताना सारखी गुणगुणते म्हणून भुंगी. साडेतीन वर्षांची आहे, पण बोलणं एखाद्या मुख्याध्यापिकेचं. त्या पाळणाघराला आमचं ॲप घ्यायला मीच सांगितलं होतं, आणि वर फुशारकी मारली होती की टेस्टिंग माझ्याकडे आहे, डोळे मिटून वापरा.

पाळणाघराला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ती वेळच मुलं न्यायची, फोन कोण घेणार? ताई कारखान्यात पॅकिंगवर असते आणि पाळी संपेपर्यंत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी भावोजींना लावला. एवढंच सांगायचं होतं की भुंगीला घ्याल तेव्हा काकूंना म्हणावं, बटण एकदाच दाबा.

"भावोजी, निघालात का पाळणाघरात?"

"मी कशाला? भुंगी तुझ्याकडेच आहे ना?"

"माझ्याकडे?"

"अगं, मगाशी मेसेज आला, 'सोपवलं' म्हणून. ताई कामावर, मी इथं, म्हणजे म्हटलं तूच नेलीस. शुक्रवारी नेतेस तशी. मी अर्ध्या वाटेतून परत ऑफिसला आलो, थोडं काम होतं... तुझ्याकडे नाहीये ती?"

"मी निघाले. तुम्हीही निघा," एवढंच बोलले. पर्स टेबलावरच राहिली, ते खाली उतरल्यावर कळलं. लिफ्टचं बटण मी किती वेळा दाबलं ते विचारू नका.

टॅक्सीत बसून मी पुन्हा पुन्हा पाळणाघराचा नंबर लावत होते. ड्रायव्हर आरशातून बघत होता. "बाई, सगळं ठीक ना?" "ठीक नाही, तुम्ही पुढं बघा आणि जोरात चालवा," मी खेकसले. नंतर वाईट वाटलं. मनात नको नको ते येत होतं. समजा, ती कुणाच्या तरी मागं रस्त्यावर गेली असेल. न्यायला आलेल्या कुणी भलत्यानंच नेली असेल. टेबलावर तर ती घरी पोचली होती, तेव्हा तिला शोधणार कोण? जगात कुणाच्याच हिशेबात ती हरवलेली नव्हती. हरवलंय हे फक्त मला माहीत होतं, आणि मी सिग्नलला अडकले होते.

पोचले तर दाराला कुलूप. खिडक्यांचे पडदे ओढलेले, आत अंधार. बाहेरची मोठ्यांच्या चपलांची मांडणी सतरंजीनं झाकलेली. मी दार बडवलं. जाड लाकडी दार, माझेच हात दुखले. "भुंगे! ए भुंगे!" आतून काही नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी वळून बघितलं आणि आपापल्या वाटेनं गेले.

मग दुसरं काही सुचेना म्हणून मी फोनवर पुन्हा तोच नंबर दाबला. आतला फोन वाजायला लागला. दाराला कान लावला तर स्वच्छ ऐकू येत होता, ट्रिंग ट्रिंग, रिकाम्या खोल्यांतून. मी डोळे मिटून ऐकत राहिले. अजून वाजतोय. अजून. आणि मग तो आवाज एकदम दबला. थांबला नाही, दबला. कुणीतरी वर काहीतरी टाकल्यासारखा.

फोनवर आपोआप काही पडत नाही. कुणीतरी आत होतं!

मी कोपऱ्यावरच्या बसस्टॉपकडे पळत सुटले. पाळणाघर बंद करून काकू रोज तिथूनच बस पकडतात, हे मला माहीत होतं. आयुष्यात शाळा सुटल्यापासून मी धावले नव्हते. बस आलेली, दार उघडलेलं, काकूंचा एक पाय पायरीवर. "काकू! उतरा! भुंगी आत आहे!" मी जी किंचाळले त्यानं अख्खी बस खिडक्यांतून बघायला लागली.

काकू उतरल्या. "भुंगीला न्यायला आले ना तुमच्यातलं कुणीतरी? टेबल हिरवं होतं."

"किल्ली आहे का?"

"आहे, पण टेबल हिरवं होतं हो, मी स्वतः बघितलं. 'आत कुणी नाही', असं आलं, म्हणून दिवे घालवले." चालता चालता त्या हेच बोलत राहिल्या. आज दुसरी बाई लवकर घरी गेलेली, दारात पालकांची झुंबड, ते मेलं यंत्र एकदा दाबून हलेना. ओठांवर माझ्या दहा शिव्या आल्या होत्या. एकही बाहेर पडली नाही. 'सगळं हिरवं आहे', हे काल मीच तर लिहून पाठवलं होतं.

घाईत त्यांची किल्ली कुलपाला लागेना. शेवटी मी त्यांच्या हातातून घेऊन फिरवली. दार उघडलं, काकूंनी दिवा लावला.

भुंगी बोळाच्या टोकाला उभी होती. दप्तर पाठीवर, बूट उलटसुलट पायात. मी तिच्याकडे झेपावले तर तिनं तोंडावर बोट ठेवलं.

"माऊ, ओरडू नको." ती मला मावशीचं माऊ म्हणते.

मी तिला उचलून एवढी घट्ट धरली की ती कुरकुरली. तिच्या मानेला घामाचा आणि बिस्किटाचा वास येत होता. मी रडत होते, काकू तर भिंतीला टेकून खालीच बसल्या होत्या. भुंगी एकटीच शांत होती.

"माझं नाव कुणी घेतलंच नाही," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. "नाव घेतलं की यायचं असतं. मी बूटपण घातले."

"आणि फोन गं? फोनवर काय ठेवलंस?"

"उशी. सारखा वाजत होता."

मी हसले, पुन्हा रडले. भावोजींना फोन केला, "सापडली, माझ्याजवळ आहे, एकदम ठणठणीत." पलीकडून त्यांचा हुंदका आला. मग ताईच्या कारखान्यात फोन करून ऑफिसातल्या माणसाला निरोप सांगितला की काळजीचं काही नाही. काळजीचं काही नाही! हे शब्द माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघाले असतील. जीव भांड्यात पडला होता. मी काकूंना हात देऊन उठवलं, त्यांना म्हटलं, तुमची चूक नाही, चला, उशीर झालाय. काकूंनी दिवा घालवला. बाहेर आलो. त्यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं. आम्ही पायऱ्या उतरलो.

शेवटच्या पायरीवर भुंगीनं माझ्या खांद्यावरून मागं वळून दाराकडे बघितलं.

"मग बाळाला कोण नेणार?"

काकूंच्या हातातली किल्ली खाली पडली.

बाळ आतल्या खोलीत होतं, पडद्यामागच्या पाळण्यात. आठ-नऊ महिन्यांचं, तोंडात अंगठा घालून गाढ झोपलेलं. पाळण्याशेजारी जमिनीवर चित्रांचं पुस्तक उघडं होतं आणि त्याच्याजवळ भुंगीची पाण्याची बाटली. झोपायच्या खोलीत बोलायचं नाही, हे तिथल्या मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवतात. म्हणून ती रडली नव्हती. म्हणून माझ्या हाकेला तिनं ओ दिली नव्हती. बाळ उठू नये म्हणून ती अंधारात गप्प बसून राहिली होती.

मी मात्र माझं पोर उचलून दाराला कुलूप लावायला निघाले होते. आत एकदा डोकावावं, एवढंही मला सुचलं नव्हतं. माझी ओळ सापडली होती ना!

काकूंनी बाळाच्या आईला फोन लावला. मला इकडूनही तिचा आवाज ऐकू येत होता. "बाळाचे बाबा घेऊन गेले ना त्याला? मला मेसेज आला." काकू सांगत होत्या आणि पलीकडचा आवाज फुटला.

मी होईलरावांना फोन केला.

"सगळ्या पाळणाघरांना आत्ताच्या आत्ता फोन लावा. टेबल बघू नका म्हणावं, बंद करा ते. माणसं पाठवा, प्रत्येक खोली उघडा, पडद्यामागं बघा, पलंगाखाली बघा, नावं घेऊन हाका मारा."

"अगं, पण तुझी भाची सापडली ना?"

"एक सापडली. दुसरं बाळ आम्ही आत ठेवून कुलूप लावलं होतं. अजून कुठं कोण आहे ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही."

होऊन जाईल म्हणाले नाहीत. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला आणि मग त्यांचा, ऑफिसात कुणावर तरी ओरडण्याचा. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग मी बाळाला खांद्यावर घेऊन सगळे दिवे लावले आणि एकेक खोली बघायला लागले. कपाटं उघडली, गाद्यांचा ढीग हलवला, न्हाणीघराचं दार ढकललं. बाळ जागं झालं होतं आणि माझे केस ओढत होतं. भुंगीला म्हटलं, आता मोठ्यानं बोललं तरी चालेल. ती माझ्या पुढं चालत आपल्या वर्गातल्या एकेकाचं नाव घेऊन हाक मारायला लागली, घरी गेलेल्यांचीसुद्धा. प्रत्येक नावानंतर ती थांबायची, आणि मीही थांबून ऐकत होते.